सव्विसावा अर्ज : फ्लोरिडाच्या विधिमंडळाला खुले पत्र

प्रति,
माननीय सदस्य, सिनेट आणि प्रतिनिधी सभागृह,
फ्लोरिडा राज्य विधिमंडळ, टॅलहॅसी

विषय : नागरिकांनी सुचवलेल्या घटनादुरुस्तीसाठी सह्या गोळा करण्याचे २०२५ चे नियम

महोदय आणि महोदया,

या पत्राची इंग्रजी प्रत मी माझ्या मतदारसंघाच्या दोन्ही प्रतिनिधींच्या कार्यालयांत स्वतः नेऊन दिली आहे. ते मराठीतही लिहिते आहे, कारण टॅम्पा, ओर्लॅंडो, जॅक्सनव्हिल या भागांतल्या ज्या मराठी घरांतून मी गेल्या जानेवारीत सह्या घेतल्या, त्यांना त्या सह्यांचे पुढे काय झाले हे सांगणे माझ्याकडे लागते. आपल्याला लिहिलेले त्यांनीही वाचावे आणि माझे कुठे चुकत असेल तर मला विचारावे.

मी २००४ मध्ये या राज्यात आले आणि २०१९ मध्ये येथील नागरिक झाले. शपथविधीच्या दिवशी हातात आलेल्या पाकिटात मतदार नोंदणीचा अर्ज होता आणि तो मी त्याच दिवशी भरला. त्यानंतर कुतूहल म्हणून फ्लोरिडाची राज्यघटना वाचायला घेतली. तिच्या पहिल्या अनुच्छेदाचे पहिलेच कलम म्हणते की सर्व राजकीय सत्ता जनतेच्या ठायी आहे. अकराव्या अनुच्छेदाचे तिसरे कलम त्या वाक्याला हात-पाय देते : पुरेशा मतदारांनी सही केली तर विधिमंडळाला न विचारता घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतपत्रिकेवर येऊ शकतो. ज्या देशात मी वाढले तिथे घटनादुरुस्तीचा प्रस्ताव फक्त संसदेतच मांडता येतो. सह्यांची मोहीम तिथे पुष्कळ होते, पण सह्यांचा गठ्ठा निवेदनाला जोडून जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती दिला की त्याचे कायदेशीर आयुष्य तिथेच संपते. म्हणून हे कलम मला फार मोलाचे वाटले आणि अजूनही वाटते.

हा मार्ग सोपा आहे असे कुणी समजू नये. मागील अध्यक्षीय निवडणुकीत झालेल्या मतदानाच्या ८ टक्के सह्या लागतात. २०२४ च्या मतदानावरून हा आकडा ८,८०,०६२ होतो. शिवाय अमेरिकेच्या काँग्रेससाठी, म्हणजे संसदेसाठी, राज्यात असलेल्या २८ मतदारसंघांपैकी किमान १४ मतदारसंघांत त्या त्या ठिकाणचे ८ टक्के स्वतंत्रपणे भरावे लागतात. एका कागदावर एकच सही चालते, म्हणजे जितक्या सह्या तितके कागद. प्रस्तावाचा विषय एकच आहे ना आणि त्याची शब्दरचना स्पष्ट आहे ना, हे राज्याचे सर्वोच्च न्यायालय तपासते. एवढे सगळे पार पडून प्रस्ताव मतपत्रिकेवर आला, तरी तो मंजूर व्हायला साधे बहुमत पुरत नाही, ६० टक्के मते लागतात. ही साठ टक्क्यांची अट २००६ मध्ये आपल्याच सभागृहांनी सुचवली होती आणि ती मंजूर झाली सुमारे ५७.८ टक्के मतांनी. आज तो प्रस्ताव स्वतःच्याच अटीत नापास झाला असता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये गर्भपाताच्या हक्काच्या दुरुस्तीला सुमारे ५७ टक्के आणि गांजासंबंधीच्या दुरुस्तीला सुमारे ५६ टक्के मते पडली. दोन्ही पडल्या. या दोन विषयांवर माझी मते निराळी आहेत आणि ती येथे मांडण्याचे कारण नाही. नियम ठरलेला होता आणि निकाल नियमाप्रमाणे लागला. मात्र त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २ मे २०२५ रोजी, गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी आपण संमत केलेल्या हाउस बिल १२०५ वर सही केली आणि ही आधीच चढाची असलेली वाट आणखी अरुंद झाली. माझी तक्रार या कायद्याविषयी आहे.

माझा संबंध कसा आला ते सांगते. मी औषधांच्या दुकानात काम करते. डॉक्टरांनी लिहिलेले औषध तयार करून पिशवीत घातलेले असते आणि किंमत ऐकल्यावर गिऱ्हाईक ‘नंतर नेतो’ म्हणून परत जाते, हे मी आठवड्यातून अनेकदा पाहते. दहा दिवसांनी ती पिशवी उघडून गोळ्या पुन्हा फळीवर ठेवण्याचे कामही माझेच आहे. ज्या १० राज्यांनी मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, विस्तार केलेला नाही त्यांपैकी फ्लोरिडा एक आहे. येथे मूलबाळ नसलेला आणि अपंगत्व नसलेला प्रौढ माणूस कितीही गरीब असला तरी सहसा मेडिकेडमध्ये बसत नाही. हा विस्तार घटनादुरुस्तीने व्हावा यासाठी सह्या घेण्याची मोहीम सुरू झाली तेव्हा मी स्वयंसेवक झाले. मला त्याचे पैसे मिळत नाहीत आणि कधी मिळालेही नाहीत.

गेल्या जानेवारीत आमच्या मंडळाचे संक्रांतीचे हळदीकुंकू एका मैत्रिणीच्या घरी होते. बायका बऱ्याच दुरून आल्या होत्या. वाण लुटून झाले, तिळगूळ झाला आणि जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा मला अर्जांसाठी मिळाला. प्रत्येकीला मी दुरुस्तीचा मजकूर आधी वाचायला दिला, दोघींना मराठीत समजावून सांगितला. तिघींनी वाचून नकार दिला आणि त्यांच्याशी माझे संबंध आजही उत्तम आहेत. त्या दुपारी ३१ अर्ज भरले गेले. एका आजींनी सही देवनागरीत केली. मतदार नोंदणीतही त्यांची सही देवनागरीतच आहे, फक्त तेव्हा हात थरथरत नव्हता. आपला पिनकोड त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी आधी सही केली आणि तो रकाना मी त्यांच्या सुनेला विचारून भरला. माझे पती दारापाशी खुर्ची टाकून बसले होते, निघणाऱ्या बायकांकडून राहिलेले कागद घेत होते, तारीख लिहिली आहे का ते पाहत होते. ते गेली कित्येक वर्षे ग्रीन कार्डावर आहेत. गावाकडची शेती आणि भारतीय पासपोर्ट या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकमेकींना बांधलेल्या आहेत, म्हणून त्यांनी नागरिकत्व घेतले नाही. कर भरतात, ज्यूरीला जाता येत नाही, मत देता येत नाही, आणि याबद्दल त्यांची काहीही तक्रार नाही.

ती दुपार आज, नव्या कायद्याखाली, जशीच्या तशी घडली तर तिचे काय होईल?

पहिली गोष्ट सव्विसाव्या अर्जाची. स्वतःचे आणि जवळच्या कुटुंबीयांचे सोडून २५ हून जास्त भरलेले अर्ज ज्याच्या हाती येतील, त्याने आता आधी राज्याकडे नोंदणी केली पाहिजे आणि प्रशिक्षण घेतले पाहिजे, मग तो पगारी असो की हौशी. नोंदणी न करता सव्विसावा अर्ज घेणे हा तिसऱ्या श्रेणीचा गंभीर गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पगारी माणसांना नोंदणीची सक्ती आपण २०१९ मध्येच केली होती आणि दर सहीमागे पैसे देण्यावरही तेव्हाच बंदी आली. ती समजण्यासारखी होती, कारण सहीमागे पैसे मिळू लागले की खोट्या सह्यांचा मोह होतो. पण हळदीकुंकवाला आलेल्या बाईला कसला मोह होणार? मी नोंदणी करीन, माझी हरकत नाही. हरकत आहे ती नोंदणी विसरलेल्या, किंवा ‘आज वीसच मिळतील’ असे समजून गेलेल्या आणि एकतीस घेऊन परतलेल्या माणसाला चोराच्या रांगेत उभे करण्याला.

दुसरी गोष्ट आजींच्या पिनकोडची. सही झालेल्या अर्जातला राहिलेला रकाना दुसऱ्याने भरणे हाही आता त्याच श्रेणीचा गुन्हा आहे. सही खोटी करणे आणि सही करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाच आकडे लिहून देणे यांत कायद्याला फरक दिसत नसेल, तर तो कायदा घाईत लिहिला गेला आहे असे मला नम्रपणे म्हणावे लागते.

तिसरी गोष्ट दहा दिवसांची. पूर्वी सही झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज पोहोचवायचा होता. आता १० दिवस, आणि तोही मतदार ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहतो त्याच काउंटीच्या निवडणूक अधिकाऱ्याकडे. आमच्या एका दुपारच्या ३१ अर्जांत हिल्सबरो, पिनेलस, ऑरेंज आणि डुव्हल अशा चार काउंट्यांचे अर्ज होते. ते आधी मोहिमेच्या कार्यालयात जातात, तिथे तपासून वेगळे होतात, मग पुढे जातात. उशीर झाला तर दर अर्जामागे दर दिवशी ५० डॉलर दंड मोहिमेला बसतो. आपल्या टपालाचा सध्याचा वेग मी आपल्याला सांगायला नको.

चौथी गोष्ट ओळख क्रमांकाची. १ जुलैपासून अर्जावर ड्रायव्हिंग लायसन्सचा किंवा ओळखपत्राचा क्रमांक, नाहीतर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहावे लागतात. आमच्या मंडळात ज्येष्ठांसाठी आम्ही दरवर्षी एक बैठक घेतो आणि त्यांना बजावून सांगतो की हे चार आकडे फोनवर, दारावर, कुणालाही देऊ नका, ओळखीच्या माणसालाही नाही. आता तेच चार आकडे एका कागदावर लिहून माझ्या पिशवीत टाका असे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? यंदाच्या गणेशोत्सवात मी ते सांगून पाहिले. आजींनी माझ्याकडे पाहिले, पर्स बंद केली आणि म्हणाल्या, “तूच ना गं सांगितलं होतंस?” त्या दिवशी मला सात अर्ज मिळाले.

गणेशोत्सवात माझे पती प्रसादाच्या टेबलामागे होते. अर्जाला त्यांनी हात लावला नाही, आणि ही पाचवी गोष्ट. जो अमेरिकेचा नागरिक नाही किंवा फ्लोरिडाचा रहिवासी नाही, त्याला सह्या गोळा करण्यास आपण मनाई केली आणि अशा माणसाला जाणूनबुजून काम दिल्यास मोहिमेला माणशी ५० हजार डॉलर दंड ठेवला. जुलैमध्ये टॅलहॅसीच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश मार्क वॉकर यांनी या मनाईची अंमलबजावणी थांबवली. हा आदेश फक्त वादींपुरता की सर्वांना, यावर आमच्या ओळखीतल्या दोन वकिलांनी दोन मते दिली. सप्टेंबरमध्ये अपील न्यायालयाने त्या आदेशालाच स्थगिती दिली. आम्ही कोणत्याही बाजूने धोका पत्करला नाही. मी हे मान्य करते की मत देणे हा नागरिकाचा अधिकार आहे आणि अर्जावर सहीही मतदाराचीच हवी. पण सही कुणाची आणि कागद उचलून नेणारा हात कुणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पोस्टमन ग्रीन कार्डवाला असला म्हणून पत्र लिहिणाऱ्याचे नागरिकत्व कमी होत नाही.

बाकीच्या अटी मी थोडक्यात सांगते, कारण त्या मोहिमेच्या हिशेबनिसांना जास्त जाचतात. एक चतुर्थांश सह्या झाल्या की १० लाख डॉलरची हमी द्यायची. पडताळणीचा पूर्ण प्रत्यक्ष खर्च मोहिमेने सोसायचा. यंदा तर १ जुलै ते ३० सप्टेंबर असे तीन महिने पडताळणीच बंद ठेवली गेली. याउलट सहीचे आयुष्य मात्र कुणासाठी थांबत नाही : सम वर्षाच्या १ फेब्रुवारीला ती संपते. मेडिकेडची मोहीम आता २०२६ सोडून २०२८ कडे वळली आहे. म्हणजे आमच्या हळदीकुंकवाच्या ३१ सह्या, चार काउंट्यांच्या अधिकाऱ्यांनी तपासलेल्या, येत्या १ फेब्रुवारीला रद्दी होतील. आजींना पुन्हा सही करावी लागेल आणि या वेळी चार आकडेही द्यावे लागतील.

आपण म्हणाल की हे सगळे फसवणूक रोखण्यासाठी आहे. फसवणूक झाली, हे मी नाकारत नाही. मृतांच्या नावाने सह्या केल्याचे आरोप झाले, काही पगारी माणसांना अटकही झाली, आणि तसे करणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी, कारण त्यांनी आमच्यासारख्यांच्या कामावर डाग पाडला. पण खोटी सही करणे या कायद्याच्या आधीही गुन्हाच होता आणि त्या अटका जुन्या कायद्याखालीच झाल्या. नव्या अटींपैकी किती खोटी सही करणाऱ्याला अडवतात आणि किती खरी सही आणणाऱ्याला, हे आपण एकदा कागदावर मांडून पाहावे. याच्या जोडीला आता सही पडताळून झाल्यावर मतदाराच्या घरी पत्र जाणार की ही सही तुमचीच आहे ना, नसेल तर कळवा. वरवर हे निरुपद्रवी दिसते. पण २०२४ मध्ये गर्भपाताच्या अर्जावर सही केलेल्या काही मतदारांच्या दारात चौकशीला पोलीस गेल्याच्या बातम्या आम्ही सर्वांनी वाचल्या आहेत. सरकारी पाकीट दारात आले की घरात कोण काय बोलेल, याचा अंदाज आपल्याला नसला तरी मला आहे.

तो अंदाज मला कुठून आला ते सांगण्यासाठी थोडे विषयांतर करते. महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. दुकान नको असेल त्याने आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. पण मतदान मागण्यासाठी आधी गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांच्या सह्या लागतात. २००९ मध्ये मी सुटीवर सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी होते तेव्हा माझी आत्या अशा सह्या घेत फिरत होती. सह्या भरपूर झाल्या. मग पडताळणीचा दिवस आला. सही किंवा अंगठा दिलेल्या प्रत्येकीने चावडीवर येऊन, तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यासमोर, सही आपलीच असल्याचे सांगायचे होते. तो दिवस ऐन खुरपणीचा होता. रोजगार बुडवून काही जणी आल्या. काहींना घरच्यांनी येऊ दिले नाही. दुकानाचा मालक समोरच्या पारावर दिवसभर बसून होता. तो कुणाला काही बोलला नाही, फक्त बसून होता. संध्याकाळी सह्या कमी पडल्या. त्यांतली एकही सही खोटी नव्हती.

तिथेही नियम फसवणूक टाळण्यासाठीच होता, असे आत्या आजही समंजसपणे म्हणते. म्हणून आपल्या हेतूविषयी मी काही बोलत नाही. मी फक्त परिणाम सांगते आहे, जो मी दोन देशांत पाहिला.

आणखी एक गोष्ट मला खुपते, आणि खरे तर सर्वांत जास्त तीच. घटनादुरुस्ती सुचवण्याचा अधिकार आपल्यालाही आहे. दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश सदस्यांनी हात वर केला की प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर जातो. १२० पैकी ७२ आणि ४० पैकी २४, एकूण ९६ होकार. मालमत्ता कर कमी करण्याविषयीचे आपले प्रस्ताव सध्या चर्चेत आहेत. त्यांना ना काउंटीवार कागद लागतील, ना हमी, ना दहा दिवसांची मुदत. ते आपले काम आहे आणि त्यासाठी आम्हीच आपल्याला निवडून दिले आहे, हे ठीक. पण ज्या खेळात आपणही उतरता, त्या खेळाचे नियम फक्त समोरच्यासाठी कडक करणे हे कोणत्याही पंचाला शोभत नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

विनामोबदला काम करणाऱ्या स्वयंसेवकाला नोंदणीची सक्ती नसावी. ती ठेवायचीच असेल, तर ती मोडल्यास फौजदारी गुन्हा नव्हे, साधा दंड असावा, आणि पहिल्या वेळी लेखी समज. अर्ज पोहोचवण्याची मुदत पुन्हा ३० दिवसांची करावी. ओळख क्रमांकाची अट काढावी आणि सहीची पडताळणी पूर्वीप्रमाणे मतदार नोंदणीतील सही व जन्मतारखेवरून व्हावी. मतदाराच्या समक्ष आणि संमतीने पत्त्याचा किंवा पिनकोडचा रकाना भरणे गुन्ह्यातून वगळावे. कायदेशीर कायम रहिवाशांना अर्ज वितरित करण्याची व गोळा करण्याची मुभा द्यावी. एखादी सही बाद झाली तर त्या मतदाराला कारण कळवून ती दुरुस्त करायला वाजवी दिवस द्यावेत. बाद सहीचे कारण त्याला कळवायची पद्धत नाही, मग मान्य झालेल्या सहीबद्दल मात्र पत्र कसे जाते, हे मला कुणी समजावून सांगितलेले नाही. आणि ज्या काळात राज्य स्वतः पडताळणी बंद ठेवील, तितके दिवस सह्यांच्या वैधतेत जोडून द्यावेत.

साठ टक्के किंवा ८,८०,०६२ हे आकडे बदला असे मी म्हणत नाही. ते चढ आम्ही चढू.

आपले नियमित अधिवेशन १३ जानेवारी २०२६ ला सुरू होते. दुसऱ्या दिवशी संक्रांत आहे आणि रथसप्तमी २५ तारखेला. २०२६ च्या हळदीकुंकवाला मी अर्ज नेणार नाही, कारण त्या सह्या आठवडाभरात बाद होतील. मी २०२७ च्या हळदीकुंकवाला जाणार आहे, आणि तोवर आपल्या हाती हे एकच नियमित अधिवेशन आहे. तेव्हा मी घरातून किती अर्ज घेऊन निघायचे, आजींच्या पुढे कोणता कागद ठेवायचा, आणि दारापाशी खुर्ची टाकून माझ्या नवऱ्याने बसायचे की नाही, एवढ्या तीन गोष्टींचे उत्तर मला त्या अधिवेशनातून हवे आहे.

आपली विश्वासू,
हिल्सबरो काउंटीतील एक नोंदणीकृत मतदार
टॅम्पा, नोव्हेंबर २०२५